जुनेराच्या चार घड्या

पाणी गाळून प्यायची शिकवण मराठी घरात कुणी मुद्दाम देत नाही. हंड्याच्या तोंडाला फडकं असतं. घरात नळ आला तेव्हा तेच फडकं नळाच्या तोंडाला बांधलं गेलं. पावसाळ्यात ते चार दिवसांत मातकट होतं, मग कुणीतरी ते सोडतं, धुतं आणि पुन्हा बांधतं. जैन घरांत तर या गाळण्यामागे धर्म आहे, आणि तिथला हिशोब उलटा आहे. पाणी गाळायचं ते पिणाऱ्याच्या नव्हे, पाण्यातल्या जिवांच्या भल्यासाठी. फडक्यावर जे उरेल ते जपून, ज्या विहिरीचं पाणी असेल त्याच विहिरीत परत सोडायचं.

त्या फडक्याने रोगजंतू अडतात का? शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचं उत्तर असतं, 'नाही'. आणि ते बरोबर आहे. कॉलऱ्याचा जंतू, व्हिब्रिओ कॉलरी, लांबीला 1 ते 3 मायक्रॉन असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. साध्या सुती कापडाच्या धाग्यांमधली भोकं 100 ते 150 मायक्रॉनची. त्यातून कॉलऱ्याचा जंतू जाणं म्हणजे गावच्या वेशीतून उंदीर निघून जाण्यासारखं आहे. वेशीला पत्ताही लागणार नाही.

तरीही 2003 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. बांगलादेशातल्या 65 खेड्यांमध्ये जवळपास तीन वर्षं एक प्रयोग चालला होता. बायकांनी तळ्याचं, नदीचं पाणी घरात घेताना जुन्या साडीच्या घड्यांमधून गाळून घेतलं, तर काय होतं? कॉलरा 48 टक्क्यांनी कमी झाला.

शाळेतल्या बाईही बरोबर आणि हा निबंधही बरोबर. हे कसं, ते बघायचं तर थोडं मागे जावं लागेल.

*

कॉलऱ्याला मराठीत नावांची कमी नाही. पटकी, जरीमरी, वाखा, महामारी. त्याची स्वतंत्र देवी आहे, मरीआई. 1817 साली बंगालमधल्या जेसोरकडून जी साथ उठली ती लष्कराच्या तळांमागून, बाजारांमागून, यात्रांमागून सरकत 1818 मध्ये मुंबईपर्यंत पोचली. म्हणजे पेशवाई बुडाली आणि पटकी आली ते एकाच वर्षी. ज्यांनी ते वर्ष पाहिलं त्यांना या दोन गोष्टी वेगळ्या वाटल्या असतील असं मला वाटत नाही. साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायची रीत पडली. रोग बाहेरून येतो आणि पुढच्या गावाला जातो, एवढं त्या रीतीला पक्कं ठाऊक होतं. तो पाण्यातून येतो, हे ठाऊक नव्हतं.

लंडनचा जॉन स्नो आणि ब्रॉड स्ट्रीटवरचा पंप ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते, ती इथे सोडून देऊ. आपल्याला हवा आहे तो कलकत्ता. 1883 च्या अखेरीला जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख तिथे उतरला. पुढच्या काही आठवड्यांत त्याने कॉलऱ्याने मेलेल्यांच्या आतड्यांतून स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू वेगळा काढला. मग शहराच्या कडेच्या एका वस्तीत, एका तळ्याभोवती कॉलऱ्याचे रोगी निघाले. त्याच तळ्यात लोक आंघोळी करत, रोग्यांचे कपडे धूत आणि पिण्याचं पाणीही तिथूनच भरत. कॉखने तळ्याचं पाणी तपासलं. स्वल्पविराम तिथेही होता.

इथून पुढे सगळं सरळ वाटू लागलं. रोग्याच्या पोटातून पाण्यात, पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात. पाणी म्हणजे नुसता रस्ता आणि जंतूचं घर म्हणजे माणूस.

पण एक खुट्टी राहिली होती. बंगालमध्ये कॉलरा वर्षातून दोनदा वर येतो, एकदा उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि एकदा पावसाळा सरल्यावर. मधल्या महिन्यांत रोगी फारसे नसतात. मग त्या काळात जंतू असतो कुठे? कॉखची पद्धत अशी होती, की पाण्याचा थेंब जंतूला मानवेल अशा खाद्यावर ठेवायचा. जंतू वाढला तर आहे, नाही वाढला तर नाही. मधल्या महिन्यांत तळ्यातलं पाणी तपासलं की काहीच वाढायचं नाही. म्हणून सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं, की तळं तेव्हा स्वच्छ असतं आणि कुठलातरी रोगी येऊन ते पुन्हा बाटवतो.

यातली गोम अशी, की दोष नेहमी माणसावर जातो. यात्रेकरूवर, भटक्यावर, खालच्या आळीवर.

*

ढाक्याच्या आग्नेयेला, मेघना नदीच्या अंगाला मतलब नावाचा भाग आहे. हो, तोच शब्द. बंगालीतही 'मतलब' म्हणजे हेतूच, आणि जगातल्या इतक्या संशोधकांचा हेतू ज्या एका ठिकाणी अडकला आहे, त्याचं नाव हे असावं याची गंमत वाटते.

1960 साली ढाक्यात कॉलरा रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली. तेव्हा तो पूर्व पाकिस्तान. पैसा आणि पुढाकार अमेरिकेचा, आणि छत्र सिएटो या कम्युनिस्टविरोधी लष्करी कराराचं. उदात्त हेतूने जन्मलेली संस्था म्हणून तिच्याकडे बघायचं कारण नाही. कॉलऱ्याच्या मुलखात सैनिक उतरवायचे तर लस हवी, हाही त्यातला एक विचार होता. लस माणसांवर तपासायची तर माणसांची नीट मोजदाद असलेली खेडी हवीत. म्हणून 1963 पासून मतलबमध्ये काम सुरू झालं. 1966 पासून तिथला प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू, गाव सोडून जाणारा आणि गावात येणारा प्रत्येक माणूस नोंदला जाऊ लागला. ती नोंद आजतागायत चालू आहे आणि दोन लाखांहून अधिक माणसं तिच्यात आहेत. एवढ्या गरीब मुलखाची इतकी जुनी, इतकी बारीक नोंद जगात फार कमी ठिकाणी सापडेल.

गावकऱ्यांना यातून काय मिळालं? एक दवाखाना, जिथे हगवणीवर फुकट उपचार होतात. ओढ्या-नाल्यांच्या त्या मुलखात रोग्याला आणायला स्पीडबोटी. बदल्यात त्यांनी दारात येणाऱ्या बाईच्या प्रश्नांना पिढ्यान्पिढ्या उत्तरं दिली. हा करार कागदावर नव्हता आणि बरोबरीचाही नव्हता. निबंधांवर नावं आली ती डॉक्टरांची. पण एकतर्फी होता असंही म्हणवत नाही. कॉलऱ्यात माणूस मरतो तो अंगातलं पाणी आटून, काही तासांत. मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजून त्याला वाचवता येतं, हे 1968 मध्ये ढाक्यात सिद्ध झालं आणि त्याचा फायदा आधी याच मुलखाला झाला. पुढे 1980 च्या दशकात 'ब्रॅक' या बांगलादेशी संस्थेने ते ज्ञान 1 कोटी 20 लाखांहून अधिक घरांत तोंडी पोचवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या बाईचा पगार किती, हे आईला नंतर किती आठवतं त्यावर ठरायचं. माझ्या मते शिक्षकांना पगार द्यायची याहून प्रामाणिक पद्धत अजून निघालेली नाही.

म्हणजे साडीचा प्रयोग आला तेव्हा ही जमीन नांगरलेली होती. दारात येऊन पाण्याबद्दल बोलणारी बाई तिथे नवी नव्हती.

*

आता अमेरिका. रीटा कोलवेल ही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मेरीलँड राज्यात चेसापीक खाडीतल्या पाण्याचा अभ्यास करत होती. 1970 च्या दशकात तिला त्या खाडीत कॉलऱ्याचा जंतू सापडला. तिथे कॉलऱ्याची साथ नव्हती, रोगी नव्हते, बाटवायला कुणी यात्रेकरूही आलेला नव्हता. तरी जंतू होता. म्हणजे पाणी हा त्याचा नुसता रस्ता नाही, ते त्याचं घर आहे.

डॉक्टरमंडळींना हे पटायला बरीच वर्षं लागली. दरम्यान कोलवेल आणि तिच्या सहकाऱ्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. पहिली 1982 ची. परिस्थिती प्रतिकूल झाली की हा जंतू मरत नाही, एक प्रकारची झोप घेतो. जिवंत असतो, पण कॉखच्या बशीत वाढत नाही. अंधारात चमकणारं रसायन जोडलेली प्रतिपिंडं वापरून सूक्ष्मदर्शकातून बघितलं, की 'स्वच्छ' तळ्यात तो दिसायचा. मधल्या महिन्यांचं कोडं असं सुटलं.

दुसरी गोष्ट पुढच्या वर्षीची, आणि तिच्यात अन्वर हक हा बांगलादेशी तरुण होता. तळ्याच्या, खाडीच्या पाण्यात प्लवक असतात, म्हणजे तरंगणारे बारीक जीव. त्यातले कोपेपॉड हे झिंग्याचे दूरचे नातेवाईक, जेमतेम डोळ्यांना ठिपक्यासारखे दिसतील एवढे. झिंग्यासारखंच त्यांचं कवच कायटिनचं असतं आणि कॉलऱ्याच्या जंतूला कायटिन खायला आवडतं. त्यामुळे एकेका कोपेपॉडच्या अंगावर, तोंडाशी, अंड्यांच्या पिशवीवर हजारो जंतू चिकटून बसतात. उन्हाने पाणी तापलं, तळ्यावर शेवाळ आलं, की ते खायला कोपेपॉड वाढतात आणि त्यांच्या पाठीवरून कॉलरा वाढतो.

इथे कापडाचं गणित पालटतं. सुटा जंतू कापडातून निसटतो, पण कोपेपॉडवर बसलेला जंतू कोपेपॉडएवढा मोठा होतो. उंदीर वेशीतून जाईल, पण तो ज्या बैलगाडीत बसलाय ती गाडीच अडवली तर? शिवाय एखाद-दुसरा जंतू पोटात गेल्याने कॉलरा होत नाही. पोटातल्या आम्लातून तगून आजारी पाडायला एका वेळी लाखो लागतात. सगळे जंतू गाळायची गरजच नाही. गठ्ठे गाळले तरी पुरे.

*

मग कापड कोणतं? मेरीलँडच्या प्रयोगशाळेत निरनिराळी कापडं तपासली गेली. बांगलादेशातल्या घराघरांत एक सवय आधीपासून होती. सरबत वगैरे केलं की त्यातली पानं, किडे, कचरा निघावा म्हणून ते जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळायचे. आपल्याकडेही हेच चालतं. या सवयीत फक्त एक उणीव होती. तुकडा एकपदरी असायचा.

एकपदरी कापडाने कोपेपॉडही धडपणे अडत नाहीत. साडीच्या किमान चार घड्या केल्या की तिची भोकं आकसून 20 मायक्रॉनच्या आसपास येतात. आणि इथे एक फार सुंदर गोष्ट निघाली. नव्या साडीपेक्षा जुनी साडी चांगलं गाळते. शेकडो वेळा धुऊन, आपटून, वाळवून धाग्यांची लव सुटलेली असते, ती भोकांत पसरते. आपण ज्याला जुनेर म्हणतो, अंगावर नेसवत नाही आणि टाकवत नाही असं लुगडं, तेच कामाचं. त्याने प्लवकांना चिकटलेले 99 टक्के जंतू अडतात, असं प्रयोगशाळेत दिसलं. हा निबंध 1996 चा.

प्रयोगशाळेत दिसलं ते गावात टिकेल का, हा प्रश्न वेगळाच असतो. त्याचा निकाल गावातच लागतो, आणि तो लावणारी असते सकाळी कळशी घेऊन तळ्यावर जाणारी बाई. (तिच्या बोलीत तिला 'कोल्शी' म्हणतात. शब्द तोच.) पाणी उकळा, हे तिला कित्येक वर्षं सांगून झालं होतं. उकळायला सरपण लागतं, आणि त्या मुलखात भात शिजवायलाच सरपण पुरत नाही. पुराच्या दिवसांत तर चूल पेटणंच मुश्किल. कॉलरा मात्र पुराच्या मागोमागच येतो. म्हणजे उकळण्याचा सल्ला नेमका हवा तेव्हाच निरुपयोगी. असे सल्ले देणारे लोक गॅसच्या शेगडीशेजारी बसून ते देत असतात.

सप्टेंबर 1999 ते जुलै 2002 असा प्रयोग चालला. मतलबची 65 खेडी, सुमारे 1 लाख 33 हजार माणसं. काही गावांत साडीने गाळायचं, काही गावांत नायलॉनच्या जाळीने, आणि काही गावांत काहीच न सांगता जे चाललंय ते चालू द्यायचं. प्रशिक्षित कार्यकर्त्या घरोघरी जात. साडीच्या घड्या कशा घालायच्या, कळशीच्या तोंडावर ती कशी घट्ट धरायची, गाळून झाल्यावर ती कशी खळबळायची आणि उन्हात कडकडीत वाळवायची हे दाखवत. वाळवणं महत्त्वाचं, कारण अडलेले जंतू कापडावरच असतात आणि कोरडेपणा त्यांना सोसत नाही. नव्वद टक्क्यांच्या वर घरांनी हे स्वीकारलं. हा आकडा मला 48 टक्क्यांपेक्षा मोठा वाटतो. आरोग्याच्या कामात माणसं ऐकत नाहीत हीच तक्रार सगळीकडे असते. इथे ऐकलं, कारण सांगितलेलं काम त्यांच्या हाताला आधीच येत होतं. फक्त तीन घड्या जास्तीच्या.

नायलॉनपेक्षा साडी किंचित सरसच ठरली. नायलॉन बाहेरून आणावं लागतं, जुनेर घरात असतंच. आणि ज्यांना गाळूनही कॉलरा झाला, त्यांचा आजार तुलनेने सौम्य निघाला. गठ्ठे कमी गेले, म्हणून.

*

या प्रयोगाकडे बघून दोन गोष्टी खटकल्याशिवाय राहत नाहीत, आणि त्या बोलायला हव्यात.

एक, ती तिसऱ्या गटातली गावं. साडी उपयोगी पडेल असं प्रयोगशाळेत दिसलेलं असताना हजारो लोकांना जवळपास तीन वर्षं तसंच राहू दिलं. संशोधनाच्या भाषेत याला तुलनेचा गट म्हणतात आणि त्याशिवाय 48 हा आकडा निघालाच नसता. मतलबच्या दवाखान्यात उपचार सगळ्यांनाच मिळत होते, हेही खरं. तरी त्या गावातल्या एखाद्या आईच्या बाजूने विचार केला, की 'तुलना' हा शब्द जड जातो.

दुसरी गोष्ट जास्त मोठी. गरिबाला नळ न देता फडकं द्यायचं, हा कुठला न्याय? हा आक्षेप सोपा आहे आणि योग्यही आहे. पण बांगलादेशात त्याला एक भयंकर उत्तर मिळालेलं आहे. तळ्याचं पाणी सोडा, जमिनीखालचं प्या, असं सांगत 1970 च्या दशकापासून तिथे लाखो हातपंप ठोकले गेले. सरकार, युनिसेफ, नंतर लोक स्वतःच. ते काम मनापासून झालं होतं. 1993 मध्ये त्या पाण्यात आर्सेनिक सापडलं. मेघनेच्या गाळातच ते होतं, कुणी कालवलेलं नव्हतं, पण पंप ठोकताना कुणी तपासलेलंही नव्हतं. आरोग्याच्या इतिहासातली माणसांची सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा, असं तिचं वर्णन 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत झालं. मतलबमधले निम्म्याहून अधिक पंप बांगलादेशाच्या मर्यादेपेक्षा जास्त आर्सेनिकचे निघाले. मग पंपांच्या तोंडांना रंग लावले गेले. हिरवा म्हणजे प्या, लाल म्हणजे पिऊ नका.

आता त्या बाईचा विचार करा. तळ्यात कॉलरा, अंगणातल्या लाल पंपात विष, हिरवा पंप दूरच्या आळीत. शिवाय पंपाच्या पाण्यात लोह असतं, त्याने भात काळपट होतो आणि चहाची चव जाते. ती तळ्यावर गेली तर तिला अडाणी म्हणायचा अधिकार कुणाला आहे? साडीचा प्रयोग 'स्वच्छ पाण्याऐवजी साडी' असा नव्हता. स्वच्छ पाणी येईतो माणसं जगावीत म्हणून साडी, असा होता. ते येईतो किती वर्षं जातील हे मात्र कुठल्याच निबंधात लिहिलेलं नसतं.

*

कापडाने रोग हटवल्याचं एक उदाहरण आपल्याकडचंही आहे. नारू. घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारा, पायातून हळूहळू बाहेर येणारा, काडीला गुंडाळत ओढायचा तो हातभर लांब जंत त्यांना आठवेल. महाराष्ट्रातल्या पायऱ्यांच्या विहिरी हे त्याचं ठिकाण. लोक पायऱ्यांनी उतरून पाण्यात पाय बुडवायचे, पायातून नारूची पिल्लं पाण्यात सुटायची, आणि तिथे त्यांना गिळायचा तो सायक्लॉप्स. हाही कोपेपॉडच. ते पाणी प्यालेल्याला वर्षभराने नारू. गाडी तीच, उतारू वेगळा. 1980 च्या दशकात देशभर मोहीम झाली. विहिरींचे काठ बांधून पायऱ्या बंद केल्या, पाण्यात औषध टाकलं, आणि घरोघरी गाळायचं कापड दिलं. देशातला शेवटचा रोगी 1996 मध्ये राजस्थानात सापडला, आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

नारू संपला तसा कॉलरा संपेल का? नाही, आणि याचं कारण कोलवेलच्या त्या खाडीत आहे. नारूला माणूस लागतो. आपण साखळीतून एक वर्ष नीट बाहेर राहिलो की तो उपाशी मरतो. कॉलऱ्याच्या जंतूला आपली गरज नाही. आपल्या आधीपासून तो पाण्यात आहे, कोपेपॉड आहेत तोवर राहील. त्याला हटवता येत नाही, फक्त पेल्याबाहेर ठेवता येतं. म्हणजे घडी रोज घालायला हवी, कुणी विचारायला येवो न येवो.

आणि विचारायला येणं थांबल्यावर काय झालं, हेही मतलबमध्ये मोजलं गेलं. पाच वर्षांनी संशोधक परत गेले आणि मूळ प्रयोगाच्या गावांतल्या 7,233 बायकांशी बोलले. पाण्याला जाणाऱ्या बायका, त्यांचे पुरुष नव्हेत. याची नोंद घ्यायला हवी. त्यातल्या 31 टक्के अजून पाणी गाळत होत्या, आणि गाळणाऱ्यांतल्या 60 टक्के साडीतूनच. नव्वदवरून एकतीस, म्हणून याला अपयश म्हणणारे असतील. मला उलट वाटतं. पाच वर्षं दारात कुणी आलं नाही, बक्षीस नाही, दंड नाही, तरी दर तीन बायकांतली जवळपास एक घडी घालत होती. आपल्यातल्या किती जणांनी डॉक्टरने सांगितलेली एखादी गोष्ट पाच वर्षं केली आहे?

गाळणाऱ्या घरांमध्ये कॉलरा साधारण पाव हिश्श्याने कमी दिसला. त्या वर्षांत एकूण रोगीच कमी असल्याने हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरता उतरला नाही, आणि निबंधात तसं स्वच्छ लिहिलं आहे. पण त्याच निबंधात आणखी एक गोष्ट निघाली, जी शोधायला कुणी गेलं नव्हतं. गाळणाऱ्यांच्या शेजारची, स्वतः न गाळणारी घरंही काही प्रमाणात वाचत होती. एका घरात रोगी कमी, म्हणून तळ्यात जाणारे जंतू कमी, म्हणून त्याच तळ्यावर कळशी बुडवणाऱ्या पलीकडच्या घरात आजार कमी. त्या घरातल्या बाईने एकही घडी घातलेली नव्हती. तिला कदाचित ठाऊकही नसेल, की शेजारणीच्या दोरीवर वाळत घातलेलं ते फाटकं जुनेर तिच्याही पोरांसाठी होतं.